विजेचा हौद

अंकगणिताच्या पुस्तकातील हौदाचे उदाहरण तुम्ही सोडविले असेलच. एका हौदाला दोन नळ असतात. वरच्या नळाने तो ४ तासांत भरतो, खालच्या नळाने ६ तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सोडले, तर रिकामा हौद किती वेळात भरेल? मी शाळेत शिकवीत असताना हे उदाहरण फळ्यावर लिहिले, की मागच्या बाकावरचा एखादा चौकस मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, हौद भरावयाचा असताना खालचा नळ उघडा ठेवण्याइतका वेडा माणूस असेल तरी कोण?" सारा वर्ग हसे. खरे सांगावयाचे, तर त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मलाही देता येत नसे. ते उत्तर मला निवृत्तीनंतर मिळाले, आणि तेही पहाटे ५ वाजता, घराच्या पडवीत, विजेवर चालणाऱ्या एका स्कूटरपाशी.

त्या दिवशी माझ्या नातीची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. परीक्षेचे केंद्र तालुक्याच्या गावी, आमच्या खेड्यापासून ४६ किलोमीटर अंतरावर. वाटेत एक लहानसा घाट. परीक्षा ११ वाजता सुरू व्हावयाची, परंतु विद्यार्थ्यांनी १० वाजताच हजर राहावे, अशी सूचना होती. रविवार असल्यामुळे सोयीची एस. टी. नव्हती. म्हणून माझ्या पुतण्याने तिला आपल्या स्कूटरवरून न्यावयाचे ठरले होते. तो आदल्या रात्री बाहेरगावाहून उशिरा परतला, तेव्हा स्कूटरच्या बॅटरीत अवघी १५ टक्के वीज शिल्लक होती. त्याने ती भरावयास लावली न लावली, तोच अवकाळी पावसाने तारा तुटल्या आणि गाव अंधारात बुडाले. वीज आली ती पहाटे ५ वाजता. रस्ता खराब, तेव्हा उशिरात उशिरा साडेआठला निघणे भाग होते. म्हणजे हाती उरले साडेतीन तास.

"आजोबा, तेवढ्या वेळात बॅटरी भरेल ना?" नातीने विचारले. तिचा चेहरा अगदी उतरून गेला होता. वर्षभर तिने केलेला अभ्यास मी पाहिला होता.

आता या प्रश्नाचे उत्तर काढावयाचे, तर प्रथम दोन गोष्टी माहीत हव्यात : हौद केवढा आहे, आणि नळ केवढा आहे.

पाणी आपण लिटरने मोजतो. घरातील वीज युनिटने मोजतात. विजेच्या देयकावर हा शब्द तुम्ही वाचला असेल. १००० वॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च झाली असे समजावे. १० वॅटचा दिवा १०० तास जळला, तरी तेवढीच वीज लागते. शास्त्रीय भाषेत या मापाला किलोवॅट-तास असे म्हणतात. किलो म्हणजे हजार, आणि वॅट हे नाव वाफेच्या यंत्रात मोठी सुधारणा करणारे स्कॉटलंडचे जेम्स वॅट यांच्यावरून आलेले आहे. पुतण्याच्या स्कूटरच्या बॅटरीत ३ युनिटे वीज मावत असे. तुमच्या घरातील मोबाइलची बॅटरी याहून कितीतरी लहान असते. एका युनिटात तसे सुमारे ५० मोबाइल भरतील!

हा झाला हौद. नळ म्हणजे चार्जर. भिंतीतील वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि तिचा प्रवाह क्षणोक्षणी दिशा पालटीत असतो. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारा आणि बेताच्या दाबाचा प्रवाह लागतो. हा पालट चार्जर घडवून आणतो. त्याच्या पाठीवर एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. बहुतेक लोक ती कधी वाचीत नाहीत, पण सगळी माहिती तिच्यावरच असते. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. या दोहोंचा गुणाकार केला, की वॅटमध्ये शक्ती निघते. आमच्या चार्जरवर दोन ओळी होत्या. भिंतीकडून घ्यावयाची शक्ती सुमारे ७०० वॅट, अशी पहिली ओळ. आणि बॅटरीला द्यावयाची वीज ६० व्होल्ट, १० अँपिअर, अशी दुसरी. मी चष्मा लावून पहिली ओळ वाचली. दुसरी वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत.

मग मी मनातल्या मनात हिशेब केला. बॅटरीत १५ टक्के आहे, म्हणजे ८५ टक्के भरावयाची. ३ युनिटांचे ८५ टक्के म्हणजे २.५५ युनिटे. ७०० वॅट म्हणजे ०.७ किलोवॅट. २.५५ ला ०.७ ने भागले, की ३ तास ३९ मिनिटे येतात. ५ वाजल्यापासून मोजले, तर ८ वाजून ३९ मिनिटांनी बॅटरी काठोकाठ भरणार! "नऊ मिनिटांचाच उशीर. काही काळजी करू नकोस," असे मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकले. भागाकारात माझी चूक नव्हती. चूक होती ती मांडणीत.

पुतण्या तेथेच उभा होता. तो म्हणाला, "तात्या, चार्जरला जरा हात लावून पाहा."

मी हात लावला. चार्जर चांगलाच कोमट झाला होता. ही ऊब कोठून आली? ती विजेचीच. भिंतीतून घेतलेली सगळी वीज काही बॅटरीत पोहोचत नाही; प्रवाहाची दिशा व दाब पालटताना तिच्यापैकी काही भागाची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते. मग मी ती दुसरी ओळ वाचली. ६० गुणिले १० म्हणजे ६०० वॅट. ७०० वॅट आत शिरत होते आणि ६०० बॅटरीत पडत होते. उरलेले १०० वॅट पडवी उबदार करण्याच्या कामी लागले होते. मागच्या बाकावरच्या मुलाला मी आता सांगू शकलो असतो, की बाबा रे, हौदाचा खालचा नळ कोणी मुद्दाम उघडा ठेवीत नाही. तो निसर्गानेच किंचित उघडा ठेवलेला असतो, आणि तो पुरता बंद करण्याची युक्ती अजून कोणाला साधलेली नाही. बॅटरीच्या आतही अशी थोडी ऊब होत असते. ती अल्प असल्यामुळे आपण सोडून देऊ.

तेव्हा भागावयाचे ते ०.७ ने नव्हे, ०.६ ने. २.५५ भागिले ०.६ म्हणजे सव्वाचार तास. म्हणजे सव्वानऊ वाजणार! नातीच्या डोळ्यांत पाणी आले. आणि गंमत नव्हे, पण हेही उत्तर खरे नव्हते. खरे उत्तर याहून वाईट होते.

का, ते समजण्यासाठी बॅटरीच्या आत काय चालते ते पाहिले पाहिजे. तुमच्या मोबाइलमध्ये आणि बहुतेक नव्या विजेच्या वाहनांत जी बॅटरी असते, तिला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली. जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना तिच्या घडणीबद्दल २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाहनाच्या बॅटरीत असे लहान लहान घट पुष्कळ संख्येने एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक घटात दोन बाजू असतात. बॅटरी भरू लागली, की लिथियमचे विद्युत्‌भारित कण एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि तेथील ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. पेन्सिलीतील शिशात असते तेच हे ग्रॅफाइट. वहीच्या पानांप्रमाणे त्याचे थर एकावर एक रचलेले असतात आणि पानांच्या फटींत हे कण शिरतात.

जत्रेच्या दिवशी एस. टी.च्या स्थानकावर तुम्ही गेला आहात ना? गाडी रिकामी असते तेव्हा माणसे भराभर चढतात आणि दिसेल त्या बाकावर बसतात. अर्धी गाडी भरेपर्यंत कोणाला काही अडचण पडत नाही. परंतु शेवटची पाच-दहा माणसे चढावयाची, म्हणजे "जरा पुढे सरका", "ते बोचके उचला" असे करीत करीत जागा शोधावी लागते. आधीच्या चाळीस माणसांना लागला नाही एवढा वेळ त्या दहांना लागतो. वाहकाने मागून जोराने रेटले, तर गाडी लवकर भरत नाही. दारात चेंगराचेंगरी मात्र होते. लिथियमच्या कणांचेही असेच आहे. थर भरत आले असता प्रवाह जोराने लोटला, तर कण थरांत न शिरता बाहेरच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचू लागतात. त्यामुळे बॅटरीचे आयुष्य घटते, आणि प्रसंगी आगीचाही धोका संभवतो. म्हणून बॅटरीत एक रक्षक मंडल बसविलेले असते. घटांचा दाब ठरावीक मर्यादेला पोहोचला, की ते दाब तेवढाच राखते आणि प्रवाह हळूहळू कमी कमी करीत नेते. फार थंडी असली किंवा बॅटरी फार तापलेली असली, तरीही ते प्रवाह आवरते. अंकगणिताच्या पुस्तकातील नळ पहिल्या घागरीपासून शेवटच्या घागरीपर्यंत एकाच धारेने वाहतो. हा नळ मात्र हौद भरत आला, की आपण होऊन बारीक होतो.

तो केव्हा बारीक होऊ लागेल, हे प्रत्येक वाहनात निराळे असते. फार जोराने भरणाऱ्या चार्जरवर ते लवकर जाणवते, संथपणे भरणाऱ्यावर उशिरा. या स्कूटरचा वेग सुमारे ८० टक्क्यांनंतर मंदावतो, हे पुतण्याने अनेकदा पाहिले होते. तेव्हा हिशेबाचे दोन तुकडे करणे प्राप्त होते. १५ पासून ८० पर्यंत ६५ टक्के, म्हणजे १.९५ युनिटे, ०.६ ने भागता सव्वातीन तास. सव्वाआठ वाजता बॅटरी ८० टक्के होणार. उरलेल्या २० टक्क्यांची ०.६ युनिटे पूर्ण धारेने एका तासात भरली असती. परंतु धार बारीक होत जाणार, म्हणून सरासरी निम्मा वेग धरला, तर २ तास. म्हणजे काठोकाठ भरण्यास सव्वादहा! सव्वादहाला येथून निघणारी मुलगी १० वाजता केंद्रावर कशी पोहोचणार?

मी खाली बसलो. एवढी वर्षे गणित-भाषा शिकविली, आणि नेमक्या वेळी काही सुचेना. नातीने मात्र डोळे पुसले, भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचे एक पान फाडले आणि त्याच्या पाठीवर ती काहीतरी मांडू लागली. थोड्या वेळाने तिने विचारले, "काका, एका युनिटात तुमची स्कूटर किती चालते?"

"दोघे बसलो आणि रस्ता असा असला, तर २५ किलोमीटर."

"मग आजोबा, ४६ भागिले २५ म्हणजे १.८४ युनिटे. आपल्याला सगळा हौद हवाच आहे कुठे? सव्वाआठला ८० टक्के होतील, म्हणजे २.४ युनिटे असतील. त्यांतून १.८४ गेली, तरी ०.५६ उरतात. म्हणजे पोहोचल्यावर जवळजवळ १९ टक्के शिल्लक!"

मी पानावरचे आकडे दोनदा तपासून पाहिले. हिशेब बरोबर होता. बॅटरी किती वेळात भरेल, या प्रश्नाभोवती आम्ही दोघे थोर माणसे घिरट्या घालीत होतो; आणि किती भरावयास हवी, हे विचारावयाचे राहूनच गेले होते. सव्वाआठनंतर साडेआठपर्यंत थांबण्यातही फारसा अर्थ नव्हता. धार बारीक झाल्यावर त्या १५ मिनिटांत फार तर दोन-तीन किलोमीटरांची वीज मिळाली असती. परतीसाठी लागणारी वीज परीक्षा चालू असताना तेथील एका आप्तांच्या घरी भरून घ्यावयाची ठरले. सव्वाआठला काट्याने ७९ टक्के दाखविले. एका टक्क्यासाठी कोणी थांबले नाही. नातीने दह्याची वाटी अर्धी तशीच ठेवून माझ्या पाया पडून घेतले, आणि स्कूटर आवाज न करता फाटकाबाहेर गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी ओट्यावर येऊन बसलो. वेळ जाता जाईना. अशा वेळी मन मागे धावते. आमच्या लहानपणी गावच्या जत्रेत कर्णा लावीत, तो मोटारीच्या बॅटरीवर. जत्रेच्या आदल्या दिवशी ती जड पेटी बैलगाडीत घालून तालुक्याला नेत. ती शिशाची बॅटरी. इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली पहिली घटमाला रचली खरी, परंतु ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येईल अशी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तोँ प्लांते यांनी १८५९ साली बनविली. तिच्यात शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. मोटारीच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे ६ घट असतात, म्हणून तिचा दाब १२ व्होल्ट. तिच्यावर युनिटे लिहीत नाहीत, अँपिअर-तास लिहितात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १० अँपिअरचा प्रवाह १० तास पुरवू शकेल अशी, असे ढोबळ मानाने समजावे.

बॅटरी भरून देणारा कारागीर फारसा शिकलेला नव्हता. पण त्याचा नियम पक्का होता. "आकड्याचा दहावा हिस्सा प्रवाह द्यायचा, आणि रात्रभर ठेवायची," असे तो सांगे. १०० चा दहावा हिस्सा १०. म्हणजे १० तास लागावयाचे, आणि जी वीज वाया जाते तिच्यासाठी वर एक-दोन तास. आमच्या चार्जरच्या चिठ्ठीत आणि त्याच्या बोटांवरच्या हिशेबात तत्त्व एकच होते, हे मला त्या सकाळी प्रथम उमगले. बॅटरी भरली की नाही, हे तो काचेच्या नळीने पाही. नळीत आम्ल ओढून घेतले, की आत एक लहानसा काटा तरंगे. घट भरत जातो तसतसे आम्ल दाट होते आणि काटा वर येतो. भरत आलेल्या घटांत बुडबुडे येऊ लागत. त्यांत हायड्रोजन असतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून त्या खोलीची खिडकी सताड उघडी असे आणि विडी ओढणाऱ्याला तो दारातूनच परत लावी. कित्येक ई-रिक्षांत अजूनही अशा चार पेट्या ओळीने जोडलेल्या असतात. १२ चोक ४८ व्होल्ट. त्यांचे चालक रात्रभर त्या भरीत ठेवतात, ते याच कारणाने.

मनात आले, स्कूटरची ही कथा, तर मोठ्या बसची काय असेल? १ जून १९४८ रोजी आपल्या एस. टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर अशी धावली. त्यानंतर बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची 'शिवाई' ही विजेची बस सुरू झाली. अहमदनगराला आता अहिल्यानगर म्हणतात. समजा, एखाद्या मोठ्या बसच्या बॅटरीत ३०० युनिटे मावतात आणि ती २० पासून ८० टक्क्यांपर्यंत भरावयाची आहे. म्हणजे १८० युनिटे. घरातील जाड खटक्याच्या जोडणीतून फार तर साडेतीन किलोवॅट शक्ती मिळते. १८० भागिले ३.५ म्हणजे ५१ तासांहून अधिक! दोन दिवस बस आगारात उभीच. म्हणून अशा ठिकाणी मोठी चार्जिंग केंद्रे उभारतात. तेथील यंत्रे प्रवाहाची दिशा बाहेरच पालटून तो थेट बॅटरीला देतात. अशा यंत्राची शक्ती १२० किलोवॅट धरली, तर तेच काम दीड तासात होईल. मात्र याचा अर्थ असा नव्हे, की आमची स्कूटर त्या केंद्रावर नेली असती, तर पाच मिनिटांत भरली असती. हौदाचे तोंड जेवढे, तेवढेच पाणी आत जाणार. नळ कितीही मोठा आणा. वाहन किती शक्ती घेऊ शकते आणि यंत्र किती देऊ शकते, या दोहोंत जो आकडा लहान, तोच हिशेबात धरावयाचा.

पावणेदहा वाजून गेले तरी दूरध्वनी येईना. घाटात वारा समोरून असतो, हे मला ठाऊक होते. चढावर स्कूटर अधिक वीज खाते, हेही ठाऊक होते. १० टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती आपला वेग कमी करते, असे पुतण्याने सांगितले होते. मी दिनदर्शिकेचे ते पान पुन्हा एकदा उलगडून पाहिले. १९ टक्के, असे नातीने ठळक लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

१० ला सात मिनिटे असताना घंटी वाजली. "तात्या, पोहोचलो. केंद्राच्या दारातच आहोत."

"काटा किती दाखवतो?"

"पंधरा."

मागून नातीचा आवाज ऐकू आला. तिने फोन आपल्याकडे घेतला आणि घाईघाईने म्हणाली, "आजोबा, घाटाचे चार टक्के धरायचे राहिले माझे. आत जाते मी, घंटा झाली!"